तारखेआधी हवा बघ

नाशिक, फाल्गुन वद्य अष्टमी

सप्रेम आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. पाडव्यापासून शिमग्यापर्यंतचे सगळे सण, प्रत्येकापुढे नैवेद्य, उपास आणि वर्ज्य पदार्थ. एवढं एकदम अंगावर घेतलंस तर श्रावण लागायच्या आत सगळंच सुटेल. पहिल्या वर्षी चारच गोष्टी नीट धर. बाकीचं घरात जसं होतं तसं होऊ दे.

आधी तारखांचा घोळ. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. वर्षाला अकरा दिवसांची तूट साचते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना घालून ती भरून काढतात. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून २०२६. म्हणून गेल्या वर्षी ६ जुलैला आलेली आषाढी यंदा २५ जुलैला येते. त्यात आपला जिल्हा एका हवेचा नाही. इगतपुरीत भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असते तेव्हा येवल्याकडे लोक आभाळाकडे डोळे लावून असतात. तेव्हा तिथी पंचांगात बघ, पण ताटात काय वाढायचं ते दाराबाहेरची हवा बघून ठरव. आयुर्वेदात जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात दिवस, यांना ऋतुसंधी म्हणतात. या चौदा दिवसांत जुनी सवय थोडी थोडी सोडायची, नवी थोडी थोडी लावायची. एका रात्रीत पालट केला की पोट कुरकुरतं.

पाडव्याचा कडुलिंब. यंदा पाडवा १९ मार्चला, म्हणजे लवकर आहे. झाडाला मोहोर आला नसेल तर त्यासाठी अडून बसू नकोस, तांबूस कोवळी पालवी चालते. चौघांसाठी दहा-बारा पानं, भिजवलेली चणाडाळ दोन चमचे, जिरं पाव चमचा, चिमूटभर ओवा, चिमूटभर हिंग, दोन मिरे, थोडी चिंच, मीठ आणि सुपारीएवढा गूळ. खलबत्त्यात जाडसर वाट. प्रत्येकी एक चमचा, त्याहून जास्त नाही. पेलाभर रस पिणारे उत्साही लोक असतात, त्यांचं तोंड दुपारपर्यंत वाकडं असतं. घरात कोणी गरोदर असेल तर तिला आग्रह नको. आणि हमरस्त्याकडेच्या झाडाचा पाला आणू नकोस, धूळ आणि धूर पानाला चिकटलेला असतो.

अक्षय तृतीयेचा माठ. माठ दान देण्याची रीत आहे, पण एक घरातही नवा हवा. पाणी गार होतं ते मातीच्या छिद्रांतून पाझरून वाफ होतं म्हणून. वर्षभरात पाण्यातले क्षार त्या छिद्रांत बसतात आणि जुना माठ गार करेनासा होतो. नवा माठ गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात बोटाने वाजवून घे. खणखणीत वाजला तर पक्का भाजलेला, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. घरी आणून दिवसभर पाण्यात बुडवून ठेव, मग दोन-तीनदा भरून ते पाणी झाडांना घाल. साबण कधीही लावू नकोस, माती तो पिते आणि पाण्याला वास येतो. पावसाळी दमट हवा आली की वाफ होणं मंदावतं आणि माठ कोमट लागतो. तो माठाचा दोष नव्हे, ऋतू बदलल्याची खूण आहे.

आता चातुर्मास, इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, भजी आणि थालीपीठं पोटभर खायची आणि मग कांदा, लसूण, वांगं बंद. ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून सुटतात. लासलगावच्या पंचक्रोशीत जवळपास पाच महिने कांदा न खाणं म्हणजे गंमतच, पण कांदाचाळीत साठवलेला उन्हाळी कांदाही याच दमट दिवसांत कोंबायला आणि सडायला लागतो, हे ध्यानात घे. उपास हा जड पोटाला विसावा म्हणून असतो. त्या दिवशी तुपात थबथबलेली साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याचा कीस खाल्ला तर विसावा कुठला? त्यापेक्षा भगर बरी. आपल्याकडे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरउतारावर वरई पिकते. एक वाटी भगर, साडेतीन वाट्या गरम पाणी, जिऱ्या-मिरचीची फोडणी, बारा ते पंधरा मिनिटं मंद आच.

पण भगरीला पावसाळी हवेत बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या, चक्कर, थरथर अशा तक्रारी उपासाच्या दिवशी येतात त्या बहुधा यातून. म्हणून सुटी भगर घेऊ नकोस, तारीख बघून बंद पुड्याच घे. फोडलेला पुडा आठ दिवसांत संपव. जुनी उरलेली भगर नव्यात मिसळू नकोस. पीठ तर साठवूच नकोस, लागेल तेवढंच घरी दळ. वास कुबट आला की सरळ टाकून दे, उपासाच्या पुण्याचा हिशेब तिथे करू नये.

चौथी भोगी-संक्रांत. ही सूर्यावर चालते, म्हणून संक्रांत १४ किंवा १५ जानेवारी सोडत नाही आणि निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीतच सापडते. भोगीला सोले, पावटा, गाजर, वांगं, बोरं, उसाचे करवे, सगळ्यांची एकच भाजी, तिळाचं कूट घालून, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. बाजरीत तेलाचा अंश जास्त, पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं. किलोभरच दळून आण.

लाडवाला पाव किलो तीळ, पाव किलो चिक्कीचा गूळ, अर्धी वाटी दाण्याचं भरड कूट, चमचाभर तूप. तीळ मंद आचेवर तडतडून फुगेपर्यंतच भाज. रंग गडद झाला की कडू. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी ताटलीवर आपट, टण्ण वाजली पाहिजे. आधी उतरवलास तर लाडू बसतो, जास्त ठेवलास तर दात मोडतो. तूप लावलेल्या हातांनी गरम असतानाच वळ. मिश्रण आळलं तर कढई पुन्हा मिनिटभर मंद आचेवर धर.

सध्या एवढंच कर. रंगपंचमीच्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, यंदापुरत्या बुजल्या, पाडव्याला आठवडा उरला. जवळपास कुठल्या कडुलिंबाला पालवी फुटली आहे ते बघून ठेव. माठाला अजून महिना आहे.