४८ तास उलटले म्हणून क्लेम बुडत नाही

प्रश्न : माझे मिस्टर फौजेतून हवालदार म्हणून २००६ साली पेन्शनवर आले. आमच्याकडे ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, कार्डं आहेत. गेल्या पावसाळ्यात पहाटे अडीचला त्यांच्या छातीत कळ आली, अंगाला दरदरून घाम फुटला. शेजाऱ्यांच्या गाडीतून सगळ्यात जवळच्या हार्टच्या हॉस्पिटलात नेलं. ते ईसीएचएसने मान्य केलेल्या हॉस्पिटलांच्या यादीत नव्हतं. लगेच अँजिओप्लास्टी झाली. बिल ३ लाख १२ हजार, सोनं गहाण ठेवून भरलं. पॉलिक्लिनिकला, म्हणजे योजनेच्या दवाखान्याला, पाचव्या दिवशी कळवलं. क्लेमची फाइल परत आली, वर लाल शाईत दोन ओळी : ‘हॉस्पिटल यादीत नाही. माहिती ४८ तासांत दिली नाही.’ आता काही होईल का? आणि सासूबाईंचं नाव कार्डावर घालता येईल का?
– एक भगिनी, माणदेश

उत्तर : ताई, त्या दोन ओळी म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. फाइल पुन्हा उभी करता येते, आणि तुम्ही ती करायलाच हवी.

माजी सैनिकांची ही योजना १ एप्रिल २००३ पासून आहे. त्या तारखेनंतर जे पेन्शनवर आले, त्यांना तिचं सदस्यत्व सक्तीचं होतं आणि वर्गणी निवृत्तीच्या वेळीच कापून घेतली गेली. तुमच्या मिस्टरांचीही कापली असणार. सदस्य झालं की पेन्शनसोबतचा मेडिकल अलाउन्सही मिळत नाही. म्हणजे तुम्ही मागताय ती मेहेरबानी नाही, आधीच पैसे भरून घेतलेला हक्क आहे. नोकरीत असताना फौजी आणि त्याचं कुटुंब मिलिटरी हॉस्पिटलात जातं. पेन्शननंतर पॉलिक्लिनिक आणि तिथून रेफर होऊन यादीतलं खासगी हॉस्पिटल, ही नेहमीची वाट.

इमर्जन्सीची वाट वेगळी आहे, आणि योजनेच्या नियमांतच ती दिलेली आहे. जीव धोक्यात असेल तर यादीबाहेरच्या हॉस्पिटलात दाखल होता येतं, फक्त ४८ तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. त्यामुळे ‘हॉस्पिटल यादीत नाही’ ही पहिली ओळ एकटी टिकतच नाही. खरा प्रश्न दुसऱ्या ओळीचा आहे.

४८ तासांची अट कशासाठी? इमर्जन्सी खरी होती का, हे ऑफिसला वेळेत तपासता यावं म्हणून. नवरा आयसीयूत असताना बायकोने फॉर्म शोधत बसावं, असा तिचा हेतू असू शकत नाही. इमर्जन्सी कागदांवरून निर्विवाद दिसत असेल, तर उशीर हा तांत्रिक दोष ठरतो. १३ एप्रिल २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात याच दिशेचं तत्त्व सांगितलं. एका निवृत्त केंद्रीय अधिकाऱ्याने हृदयावर आणि पुढे मुंबईत पक्षाघातावर यादीबाहेरच्या हॉस्पिटलांत उपचार घेतले होते. न्यायालय म्हणालं, उपचार खरंच झाले का आणि डॉक्टर-हॉस्पिटलच्या नोंदी त्याला दुजोरा देतात का, एवढंच पाहायचं. हॉस्पिटल यादीत नाही म्हणून हक्क नाकारता येत नाही. त्यांची राहिलेली ४ लाख ९९ हजार ५५५ रुपयांची रक्कम द्यायला लावली.

दोन गोष्टी मात्र मोकळेपणाने सांगतो. तो खटला केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेचा होता, आणि रक्कम देण्याचा तो आदेश त्या खटल्यापुरताच, असं न्यायालयाने स्वतः लिहिलं आहे. तरीही ईसीएचएसची घडण आणि दर सीजीएचएसच्याच वळणावर आहेत, त्यामुळे त्यातलं तत्त्व तुमच्या बाजूने भक्कमपणे मांडता येतं.

आता कागद. अशा फाइली मी पाहतो तेव्हा जिंकणं-हरणं बहुतेक वेळा इथेच ठरतं. सगळ्यात आधी त्या पहाटेचा ईसीजी शोधा. तो बहुधा चकचकीत कागदावर असतो आणि काही काळाने त्यावरच्या रेघा फिक्या पडतात. आजच त्याच्या दोन झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या. दाखल झाल्याची वेळ असलेला केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, बिलाचे तपशीलवार पान, पैसे भरल्याच्या पावत्या आणि रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटच्या वेष्टनावरचं बॅच नंबरचं स्टिकर, हे सगळं लागेल. स्टिकर बहुधा केसपेपरवरच चिकटवलेलं असतं. ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांच्याकडून सही-शिक्क्याचं इमर्जन्सी सर्टिफिकेट घ्या. त्यात ‘रुग्णाला दुसरीकडे हलवणं जिवाला धोक्याचं होतं’ हे स्पष्ट यायला हवं. नुसतं ‘हार्ट अटॅक’ लिहून भागत नाही.

याच्या जोडीला तुमचा एक पानी अर्ज. त्या रात्री घरात कोण होतं, गाडी कुणाची होती, यादीतलं हॉस्पिटल किती किलोमीटरवर होतं, तुम्ही आयसीयूबाहेर किती दिवस बसलात, हे तारीख-वेळेसह साध्या भाषेत लिहा आणि उशीर माफ करण्याची विनंती करा. घडलं नाही ते एक अक्षरही लिहू नका. हा संच पॉलिक्लिनिकच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे द्या, प्रत ईसीएचएसच्या रिजनल सेंटरला स्पीड पोस्टाने पाठवा. क्लेम नाकारायचा असेल तर कारणांसह लेखी आदेश द्यावा, असंही मागा. लाल शाईच्या शेऱ्याला आव्हान देताना हा आदेश कामाला येतो.

३० दिवस ऑफिस गप्प राहिलं तर माहिती अधिकारात फाइलवरच्या टिपणांच्या प्रती मागा आणि केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, सीपीग्राम्सवर, तक्रार नोंदवा. तरीही नकार आला तर कोर्ट. काही वकील सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा मार्ग सुचवतील. कागद पाहून ते ठरवता येईल, पण माझा कल उच्च न्यायालयात रिट, म्हणजे मूलभूत हक्कांसाठीचा अर्ज, करण्याकडे आहे. जगण्याच्या अधिकारात आरोग्य येतं, ही आपली मुख्य बाजू. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सातारा, सांगली, सोलापूर हे जिल्हे त्याच्याकडे आहेत. त्यामुळे मुंबईच्या खेपांची धास्ती घेऊन गप्प बसू नका.

पैशांबद्दल आशा बेताची ठेवा. क्लेम मंजूर झाला तरी साधारणपणे सरकारी दरांइतकीच रक्कम मिळते, आणि ती तुमच्या बिलापेक्षा कमी भरेल. बिलात स्टेंटचा आकडा वेगळा काढून बघा. फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीला सरकारने कमाल मर्यादा घातली आहे. त्याहून जास्त लावले असतील तर ती तक्रार हॉस्पिटलविरुद्ध वेगळी करता येते.

सासूबाईंचं सोपं आहे. त्या मुलावर अवलंबून असतील आणि सासरे हयात असल्यास दोघांचं मिळून सगळ्या मार्गांचं मासिक उत्पन्न ९ हजार रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता याच्या आत असेल, तर त्यांचं नाव घालता येतं. मिस्टरांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आईचं नाव कसं लिहिलंय ते आधी बघा. आधारवर वेगळं असेल तर अर्ज तिथेच अडतो, आणि ते दुरुस्त करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते.

फाइल देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.