सेरेब्रल पाल्सी असलेला भाऊ न्यूमोनियाने गेला. उपचारात काही चुकलं का, हे कसं शोधायचं?

३४ वर्षांचा भाऊ दाखल केल्यावर चौथ्या दिवशी गेला आणि 'अशा पेशंटचं असंच होतं' एवढंच उत्तर मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. ते उत्तर मान्य करू नका. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारं अपंगत्व) जन्मापासून होती; या चार दिवसांत काय झालं ते विचारा.

अंत्यसंस्कार झाले नसतील तर आत्ताच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन शवविच्छेदन मागा. फुफ्फुसाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासावेत, हेही अर्जात लिहा. श्वासनलिकेत नुसते अन्नाचे कण सापडले तर काही ठरत नाही. बंद पडलेलं हृदय चालू करण्यासाठी छाती दाबताना किंवा मृत्यूनंतरही ते तिथे पोचतात. कणांभोवती सूज दिसली, तर अन्न जिवंतपणीच फुफ्फुसात गेलं होतं.

अंत्यसंस्कार झाले असतील तर सगळी भिस्त कागदांवर. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार लेखी मागणीनंतर ७२ तासांत केसपेपर द्यावे लागतात. अर्जाची पोच घ्या. नुसत्या डेथ समरीवर (मृत्यूनंतर मिळणाऱ्या थोडक्यातल्या अहवालावर) समाधान मानू नका. नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, एक्स-रे, रक्तातल्या वायूंची तपासणी (एबीजी), सगळं मागा. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात फक्त 'हृदय व श्वसनक्रिया बंद' असेल तर ते कारणच नव्हे. मरताना प्रत्येकाचं तेच होतं.

मग तासागणिक नोंदी एकाखाली एक मांडा. श्वासाचा वेग मिनिटाला २५ च्या वर गेला, तेव्हा डॉक्टरांना कुणी बोलावलं का? की तो मोजलाच नाही? ऑक्सिजन लावल्यावर रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ९८ टक्के दिसतं म्हणून निर्धास्त राहता येत नाही: पाठीला बाक, स्नायू कमजोर असले की कार्बन डायऑक्साइड साठत जाऊ शकतो, आणि तो एबीजीत कळतो. बोलू न शकणारा माणूस श्वास अपुरा पडल्यावर तळमळतो. ती तळमळ 'त्रास देतोय' समजून झोपेचं इंजेक्शन दिलं, तर श्वास आणखी मंदावतो. औषधांच्या तक्त्यात मी सर्वात आधी तीच वेळ शोधेन.

डॉक्टरांविरुद्ध तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. पैसे भरून उपचार घेतले असतील तर २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे. अपंगत्वामुळे दुर्लक्ष झालं असं दिसलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. पोलिसांत तक्रार दिलीत तर डॉक्टरांच्या निष्काळजीपणाबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार पोलिसांना आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं लागतं, त्यात वेळ जातो.

आणि आईला आजच बसवून लिहून घ्या: तो कसा बसून जेवायचा, पाणी पिताना ठसका लागायचा का, दुखलं की काय करायचा, आणि यातलं वॉर्डात कुणाला, कधी सांगितलं होतं. हे केसपेपरात बहुधा मिळणार नाही.