बीटा एचसीजी फक्त ६२, घाबरू का?

प्रश्न: डॉक्टर, माझी पाळी चार दिवस लांबलीये. प्रेग्नन्सी किटवर टेस्ट केली तर सी (किट चालतंय की नाही) समोर गडद रेघ, टी (प्रेग्नन्सी आहे की नाही) समोर एकदम पुसट. मग लॅबमध्ये बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाच्या हार्मोनची रक्ततपासणी केली, ६२ आलं. माझ्या जावेचं एवढ्याच दिवसांत ३०० च्या वर होतं म्हणे. आमच्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी परत रक्त द्यायला सांगितलंय, म्हणजे काहीतरी गडबड आहे ना? झोपच लागत नाहीये.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आधी जावेचा आकडा डोक्यातून काढून टाका बरं. गर्भ गर्भाशयाला चिकटला की त्याच्या बाहेरच्या पेशी, ज्यांची पुढे वार बनते, त्या एचसीजी तयार करायला लागतात, आणि हे स्त्रीबीज बाहेर पडल्यावर ६ ते १२ दिवसांत कधीही होऊ शकतं. सुरुवातीला हे हार्मोन दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, म्हणजे तुमचं बीज नुसतं चार दिवस उशिरा सुटलं असेल तरी आजचे ६२ चार दिवसांनी २५० पर्यंतही जाऊ शकतात, मग जावेशी तुलना कशी करणार?

रेघ पुसट आली तेही साहजिकच, घरचं किट साधारण २५ च्या पुढे दाखवतं आणि तुम्ही आत्ताच ती पातळी ओलांडलीये. दिलेल्या वेळेत आलेली पुसट रेघ ही रेघच असते. अर्ध्या तासाने उमटलेली मात्र धरू नका, ती बऱ्याचदा लघवी वाळल्याने दिसते. (ट्रीटमेंटमध्ये एचसीजीचं इंजेक्शन घेतलेल्यांनी साधारण दोन आठवडे टेस्ट करूच नये, इंजेक्शनचंच हार्मोन पॉझिटिव्ह दाखवतं.)

एका आकड्यावरून गर्भ नीट वाढतोय का ते कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही, म्हणून तर दुसऱ्यांदा रक्त घेतात. ४८ तासांत आकडा निदान दीडपट व्हावा असं आम्ही बघतो. खूप हळू चढला किंवा उतरला तर गर्भ टिकत नाहीये किंवा गर्भाशयाऐवजी गर्भनळीत राहिलाय अशी शंका येते, मग सोनोग्राफी वगैरे. टेस्ट त्याच लॅबमध्ये करा, लॅब बदलली की आकडे थोडे वेगळे येतात. सोनोग्राफीची घाई आज नको, एवढ्या आकड्याला गर्भाभोवतीची पिशवी दिसतच नाही.

पण ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं, चक्कर आली किंवा रक्त जायला लागलं तर दोन दिवस थांबू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी कोणाला तरी उठवा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.