काटक्या जाळून फोन चार्ज होतो, पण किती?

प्रश्न: नमस्कार, आम्ही कासारवडवलीचे पाच जण, जवळपास दर महिन्याला ट्रेक असतोच. माझा मावसभाऊ अमेरिकेहून येतोय, तो विचारतोय बायोलाइटचा काटक्यांवर चालणारा कॅम्पिंग स्टोव्ह आणू का, त्यावर जेवण पण बनतं आणि फोन पण चार्ज होतो. म्हणजे मग गॅस आणि पॉवरबँक दोन्ही घरी ठेवता येईल ना? जानेवारीत माहुलीला वर मुक्काम करायचा विचार आहे. आणू सांगू का?

उत्तर: दादा, स्टोव्ह खरंच चांगला आहे, पण पॉवरबँक घरी ठेवायची म्हणून घेत असाल तर घेऊ नका. ह्या स्टोव्हची वीज जास्तीत जास्त 3 वॅट, आणि आपल्या हल्लीच्या 5000 एमएएचच्या फोनला पूर्ण भरायला साधारण 19 वॅट-तास लागतात, म्हणजे जाळ एकसारखा धरून ठेवला तरी सहा-सात तास, त्यात केबलमध्ये वाया जातं ते वेगळंच. नाणेघाटाखालच्या एका गावात मित्राच्या स्टोव्हवर आम्ही खिचडी टाकली होती, अर्धा तास तिथंच उकिडवं बसून काटक्या सारत होतो, फोन 18 टक्क्यांवरून 24 वर आला. खिचडी मात्र झकास झाली आणि कुणाच्या डोळ्यातून पाणी आलं नाही, आणि ह्या स्टोव्हचं खरं कौतुक तेच आहे.

कसं चालतं ते सांगतो. बाजूला जो नारंगी डबा लागतो त्याचा एक धातूचा दांडा विस्तवात जातो, तो तापतो, डब्यातल्या पट्टीची एक बाजू गरम आणि दुसरी पंख्यामुळे गार राहते, आणि दोन बाजूंच्या तापमानात फरक पडला की वीज तयार होते. सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाने हा परिणाम 1821 मध्ये पाहिला होता. ह्यात उष्णतेतला अगदी थोडा भाग वीज होतो, बाकी सगळी भांड्याला नाहीतर हवेत, त्यामुळे वॅट वाढत नाहीत. पण त्याच विजेवर पंखा फिरतो, तो आतल्या भोकांतून वारा सोडतो आणि जो धूर एरवी आपल्या नाकात गेला असता तोच जळून जातो. चूल नीट पेटली की धूर जवळपास दिसत नाही, नुसता पंख्याचा घर्रर्र आवाज येतो.

काटक्या बोटाएवढ्या, कडक सुक्या, मोडताना कट्कन आवाज यायला हवा. ओली काटकी टाकलीत की जाळ बसला, वीज पण बसली. म्हणजे आपल्या पावसाळी ट्रेकला हा नुसता 935 ग्रॅमचा बोजा. 10000 एमएएचची पॉवरबँक त्याच्या पाव वजनात येते आणि फोन दीडेक वेळा भरते, शिवाय रात्री झोपेत भरते, कुणाला काटक्या सारत बसावं लागत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाका ते वेगळंच, कारण सह्याद्रीत दरीत उतरलं की नेटवर्क शोधण्यातच निम्मी बॅटरी जाते.

आता माहुलीचं, आणि हे कृपा करून मनावर घ्या. माहुली तानसा अभयारण्यात येतो. तिथे वर जाऊन चूल पेटवायची नाही, स्टोव्ह कितीही बंदिस्त असला तरी नाही. राखीव जंगलात विस्तव करणं 1927 च्या भारतीय वन कायद्यातच गुन्हा आहे. येऊरला पण तेच, ते राष्ट्रीय उद्यान आहे, हरिश्चंद्रगड पण अभयारण्यातच. जानेवारीत गवत पिवळं पडून उभं सुकलेलं असतं, एक ठिणगी उडाली की अख्खा उतार जातो, जळालेले उतार मी पाहिलेत, त्या वासाने दिवसभर घशाखाली घास उतरत नाही. वर थेपले, चपात्या, दाण्याची चटणी न्या आणि मुक्कामाचं वनखात्याला आधी विचारून घ्या.

मग स्टोव्ह कुठे वापरायचा? पायथ्याच्या गावात, ज्यांच्या अंगणात उतरता त्यांना विचारून, त्यांच्याकडूनच सरपण विकत घेऊन, बाजूला पाण्याची बादली ठेवून. चार-पाच दिवस गावोगाव मुक्काम करत चालणार असाल तर तो कामाला येतो, रोज स्वयंपाक करता करता त्यातली बॅटरी भरते आणि रात्री हेडलॅम्प त्यावर लागतो. तसा बेत असेल तर भावाला आणायला सांगा. आणि विझल्या विझल्या तो नारंगी डबा काढून आत कोंबू नका, पूर्ण गार होऊ द्या.

प्रश्न: घणसोलीला आमच्याकडे लाईट गेली की तीन-तीन तास येत नाही. असा स्टोव्ह गॅलरीत लावून फोन चार्ज केला तर चालेल का?

उत्तर: नाही ताई, अजिबात नको. गॅलरीतला धूर आणि कार्बन मोनॉक्साईड घरात शिरतो, त्याला वास नसतो त्यामुळे कळत पण नाही, आणि वरच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे असतात. तीन तासांत मिळून मिळून फोनची निम्मी बॅटरी भरेल. त्यापेक्षा एक 20000 एमएएचची पॉवरबँक भरून देव्हाऱ्याजवळच्या खणात ठेवा, आणि महिन्यातून एकदा बघा ती भरलेली आहे ना.