कुणासाठी थांबायचं, हे आधी विचारून ठेवा

“शेवटच्या इच्छेचं बोलणं घरात आधीच व्हायला पाहिजे, हे मला रोज दिसतंय मॅडम. पण मी कसं सांगू? मी तोंड उघडलं की लोक म्हणणार, याला गिऱ्हाईक पाहिजे. वर अभद्र बोलतोय म्हणून दुकानाची पायरी चढायची न्हाईत.”

हे म्हणणारे मामा माझ्याकडे समुपदेशनासाठी येत होते. त्यांचं कोल्हापुरात अंत्यविधीच्या साहित्याचं दुकान आहे, सोबत एक शववाहिका. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे. हीच काळजी मी एका गुरुजींकडून ऐकली आहे, एका जंगम स्वामींकडूनही, म्हणजे लिंगायतांच्या पुरोहितांकडूनही. मरणाच्या इतक्या जवळ काम करणाऱ्या माणसांनाच त्याविषयी बोलायची चोरी वाटते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते.

मामांच्या मनात एक घर रुतून बसलं होतं. त्या घरातले वडील पहाटे गेले. मामा कळक, सुतळी, मडकं, पांढरं कापड, बुक्का-गुलाल घेऊन उजाडताच दारात हजर झाले. थोरला मुलगा म्हणाला, पंचगंगेवर न्यायचं. धाकटा म्हणाला, गावाकडं आपल्या शेतात. मधली मुलगी रडत सांगत होती, “बाबा मला देहदान करायचंय म्हणाले होते, निदान डोळे तरी द्या.” पण ते फक्त तिलाच म्हणाले होते आणि कागद कुठंच नव्हता. धाकटी मुलगी बेळगावहून निघाली होती, तिच्यासाठी किती वेळ थांबायचं यावरून पुन्हा वाद. मामा तिरडी बांधून अंगणात उभे. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावं लागतं. ते सहा तास त्या अंगणातच संपले. शेवटी पंचगंगेवर नेलं. बेळगावची मुलगी पोहोचली तेव्हा अग्नी देऊन झाला होता. “माझ्याकडं बघून म्हणाली, काका, तुम्ही तरी थांबवायचं होतं की. आता मी कोण थांबवणार, सांगा.”

त्या वाक्यानंतर मामांची झोप गेली होती. ती मुलगी त्यांना दोष देत नव्हती, त्या क्षणी समोर जे शांत माणूस दिसलं त्याच्यापाशी ती मोकळी झाली, एवढं त्यांना उमगायलाच आमच्या काही भेटी गेल्या. मग मी विचारलं, “मामा, तुमच्या घरी हे बोलणं झालंय?”

त्यांची आई ऐंशीच्या पुढची. “आईशी? छे! तिला वाटंल, मी तिच्या जाण्याची वाट बघतोय.”

अंत्यविधीच्या व्यवसायात आयुष्य घालवलेल्या माणसाचीही भीती तीच, जी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुला-सुनेची असते. म्हणून मी त्यांना मोठे प्रश्न बाजूला ठेवायला सांगितले. देहदान, व्हेंटिलेटर, घर-जमीन हे विषय एकदम काढले की म्हातारं माणूस दचकतं. पहिला प्रश्न साधा असू दे: “आई, उद्या काही झालंच, तर कुणासाठी थांबायचं?” या प्रश्नात मरणापेक्षा माणसं जास्त आहेत. आपल्याला शेवटचं कुणी बघावं, हे सांगताना कुणाला अपशकुन वाटत नाही.

मामांनी रविवारी भाकरी खाता खाता विचारलं. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “गडहिंग्लजची मावशी आल्याबिगर मला हलवायचं न्हाई. आणि रातचं नेऊ नका.” मग थांबलीच नाही. रक्षा नदीत सोडू नका, शेतात घाला. दहाव्याला गाव जेवायला घालायला कर्ज काढू नका. आणि सगळ्यात शेवटी, “नळ्या लावून मला पुण्याला फिरवू नका रे.” मामा मला सांगताना म्हणाले, “मॅडम, हिचं सगळं ठरलेलं होतं. आम्हीच विचारलं न्हवतं.”

बहुतेक घरांत असंच असतं. मोठ्यांनी मनाशी ठरवलेलं असतं, मुलं दुखावतील म्हणून ते बोलत नाहीत. मुलं आई-वडील दुखावतील म्हणून विचारत नाहीत.

स्वतःच्या घरी बोलणं झाल्यावरच मामांच्या मूळ प्रश्नाकडे वळता आलं: गिऱ्हाइकाशी कधी आणि कसं बोलायचं? माझं मत ठाम आहे. घरात मृतदेह असताना उपदेशाचं एक अक्षरही नको. तेव्हा फक्त एक प्रश्न विचारायला हरकत नाही, तोही हलक्या आवाजात: “डोळ्यांबद्दल काही बोलले होते का?” कारण त्याला वेळेचं बंधन आहे, आणि शववाहिकेसाठी फोन बऱ्याचदा लवकर येतो. घरचे हो म्हणाले तर नेत्रपेढीचं पथक येईपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा. आधी अर्ज भरलेला नसला तरी घरच्यांच्या संमतीने नेत्रदान होतं.

बोलण्याची खरी वेळ येते रक्षाविसर्जन झाल्यावर, घरातलं कुणीतरी हिशेब भागवायला येतं तेव्हा. आधी पैसे घ्यावेत, पावती द्यावी, व्यवहार संपवावा. मग खुर्ची पुढे करून गेलेल्या माणसाविषयी विचारावं: “दादांच्या मनासारखं झालं न्हवं सगळं?” आणि गप्प बसावं. समोरचा काही बोलला तर ऐकावं, आणि निघताना एवढंच म्हणावं, “आईंना एकदा विचारून ठेवा, कुणासाठी थांबायचं ते. आत्ता नको, जरा दिवस जाऊ देत.” त्या वेळी हातात कार्ड नको, आगाऊ बुकिंगचा विषय नको. सल्ला आणि विक्री एकत्र आली की लोकांचा संशय रास्तच ठरतो.

मामा आता असंच विचारतात. काही जण “बघू” म्हणून निघून जातात, त्यांना जाऊ द्यायचं. काही जण महिन्याभराने परत येतात, आणि मग त्यांचे प्रश्न नेमके असतात. म्हणून थोडी माहिती आपल्यापाशी पक्की हवी.

मालमत्तेचं मृत्युपत्र जसं वारसांवर कायद्याने बंधनकारक असतं, तशी अंत्यविधीची इच्छा नसते. म्हणूनच ती सगळ्या मुलांच्या देखत बोलली गेली पाहिजे. एकट्या मुलीच्या कानात सांगितलेली इच्छा ऐन वेळी कशी एकटी पडते, ते वर आलंच आहे. देहदानाचा अर्ज राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात भरता येतो, पण त्या दिवशी महाविद्यालयाला कळवणारे घरचेच असतात. शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारत नाहीत, त्यामुळे दुसरा पर्यायही बोलून ठेवावा. “पंचगंगेवरच न्या” म्हणणाऱ्यांनीसुद्धा. २०१९ सारखा महापूर आला तर नदीकाठी कुणाला नेणार?

उपचारांबद्दलच्या इच्छेला मात्र कायद्याचा आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. आजार बरा होण्यापलीकडे गेला आणि रुग्णाला स्वतः सांगता येईना, तर कृत्रिम उपचार लावायचे की थांबवायचे, हे त्यात लिहिता येतं. डॉक्टरांच्या दोन मंडळांनी खात्री केल्यावरच त्यावर अंमल होतो, म्हणजे मुलांनी घाईने काही ठरवलं असं होत नाही. मामांच्या आईच्या “नळ्या लावू नका” या वाक्याला कागदावर जागा आहे ती इथे.

विधींचा प्रश्न आपल्याकडे जास्त नाजूक असतो. भटजीशिवाय विधी करा म्हणणाऱ्या सत्यशोधक समाजाची शाखा कोल्हापुरात १९११ साली निघाली, शाहू महाराजांचा तिला पाठिंबा होता, आणि त्या वळणाची घरं इथे आजही आहेत. एकाच घरात वडिलांना भटजी नको असतो आणि थोरल्याला दहावं-तेरावं साग्रसंगीत हवं असतं. इथे दुकानदारापेक्षा गुरुजी, जंगम स्वामी, भजनी मंडळाचे बुवा यांचा शब्द चालतो. वर्षश्राद्धाला किंवा पुण्यतिथीला सगळी भावंडं एका पंगतीला बसतात, दुःखाची धार थोडी कमी झालेली असते. जेवणं आटोपल्यावर गुरुजींनी घरातल्या मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर तोच प्रश्न विचारावा, कुणासाठी थांबायचं. जे भावंड आलं नसेल त्याला तेव्हाच फोन लावून बोलण्यात घ्यावं. पुढचं घरातली माणसं आपसूक बोलतात.