भुलीनंतर अण्णा ओळखत नाहीत, बरळतात: तुमच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की 78 वर्षांच्या अण्णांचं खुब्याचं ऑपरेशन परवा झालं, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल दिली होती, आणि काल रात्रीपासून ते सलाईन ओढतायत, तुम्हाला आत्या समजतायत. नातेवाईक म्हणतायत, भूल जास्त झाली, आता डोकं कायमचं गेलं. तसं नाहीये. मी 22 वर्षं हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते, आणि माझ्या आईलाही अगदी हेच झालं होतं.

जुनी माणसं याला 'वातात बरळतोय' म्हणायची, डॉक्टर डेलिरियम म्हणतात. खुब्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत म्हाताऱ्या माणसांत हे पुष्कळ दिसतं. सकाळी नीट बोलतात, दिवेलागणीनंतर बिघडतं. हे वर-खाली होणं हीच त्याची खूण.

सगळं खापर भुलीवर फोडू नका. अमेरिका आणि कॅनडात खुब्याच्या 1600 रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीतली भूल असो की पूर्ण भूल, दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला हा भ्रम झाला होता. मोडलेलं हाड, दुखणं, तुटलेली झोप, अनोळखी खोली, सगळं मिळून मेंदूवर ताण येतो.

म्हणून डॉक्टरांना नेमकं विचारा: लघवी तुंबली आहे का? पोट साफ झालंय का? ऑक्सिजन किती आहे? रक्तातलं सोडियम तपासलं का? बीपीच्या काही गोळ्यांनी ते आधीच कमी झालेलं असू शकतं. लघवीत किंवा छातीत इन्फेक्शन आहे का? खाजेसाठी अ‍ॅव्हिल किंवा झोपेचं औषध दिलंय का? म्हाताऱ्यांत या दोन्हींनी भ्रम वाढू शकतो. आणि अण्णा रोज दारू घेत असतील, वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेत असतील, तर ते लाज न बाळगता आत्ताच सांगा. अचानक बंद झालेली दारू जिवावर बेतू शकते.

माझी आई बरळली नाही. ती गप्प झाली. डोळे अर्धे मिटलेले, आणि बोटं चादरीवर सारखी चालू, जणू मेथी निवडतेय. बाजूचे म्हणत होते, किती शांत आहेत आजी. मी तिला वार उलटे म्हणायला सांगितले. शनिवार, शुक्रवार म्हणाली आणि थांबली, पुन्हा शनिवार. गप्प राहणारा भ्रम असाच नजरेतून सुटतो. तपासलं तर पोट लघवीने टम्म फुगलेलं होतं. नळी घातल्यावर तासाभरात तिने पाणी मागितलं. पूर्ण ताळ्यावर यायला मात्र नऊ दिवस लागले.

आज रात्री घरातलं रोजचं, ओळखीचं एकच माणूस थांबू द्या. चष्मा, कानाचं मशीन, कवळी घरून आणा. निम्मी माणसं नीट दिसत-ऐकू येत नाही म्हणूनच जास्त घाबरतात, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलंय. शेतावर जायचंय म्हणाले तर वाद घालू नका, "अण्णा, आपण दवाखान्यात आहोत, मी तुमच्याजवळ आहे" एवढंच म्हणा, हात धरा. दिवसा खिडकी उघडी ठेवा, परवानगी असेल तर खुर्चीत बसवा, गिळता येत असेल तर घोट-घोट पाणी द्या. हात बांधायला मी नेहमीच विरोध केला. बांधलेला माणूस जास्त झटापट करतो.

दुखण्याचं औषध नको म्हणू नका, दुखण्यानेही भ्रम वाढतो.

तोंड वाकडं झालं, एक हात-पाय लुळा पडला, धाप लागली, ताप चढला किंवा हाक मारूनही जाग येईना, तर सकाळची वाट न बघता सिस्टरला बोलवा. बसल्यावर ठणकणारं आणि आडवं झाल्यावर थांबणारं डोकं दुखलं तर तेही सांगा; ते पाठीतल्या भुलीमुळे होऊ शकतं, पण या वयात कमी.

बहुतेक जण काही दिवसांत सावरतात, काहींना आठवडे लागतात. आधीपासून विसरभोळेपणा असेल तर तो नंतर जास्त जाणवतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एकदा स्मरणशक्ती तपासून घ्या. आणि घरी सोडताना कागदावर डेलिरियम झाला होता असं लिहून घ्या. पुढे कधी ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना तो कागद सगळ्यात आधी दाखवा. सोडियमचा रिपोर्ट आला की कळवा.