सीएफमधला मधुमेह: मुलाच्या पानातलं तूप काढू नका

ताई, अकरा वर्षांच्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, अंगातले स्राव घट्ट होणारा जन्मजात आजार), ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या तपासणीत साखर 212, आणि दुसऱ्याच दिवसापासून घरच्यांनी त्याचा भात, तूप, साखर बंद केली, हे तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही. आधी त्याचं जेवण पहिल्यासारखं सुरू करा. बाकीचं नंतर.

माझ्या लेकीला बाराव्या वर्षी हेच निघालं. आता ती सोळाची आहे. तेव्हा आम्हालाही मोठ्या माणसांच्या मधुमेहाचा छापील तक्ता हातात दिला होता: दोन फुलके, वाटीभर वरण, साय काढलेलं दूध. महिनाभर आम्ही तो इमानेइतबारे पाळला. पोरीचं वजन 29 किलोवरून साडेसत्तावीसवर आलं, खोकला वाढला. गणवेशाचा स्कर्ट कमरेला पिन लावून आवळायची आणि शाळेत जायची. ती पिन अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

हा मधुमेह वेगळा आहे. घट्ट स्रावाने स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात, आत व्रण धरत जातो आणि इन्सुलिन करणाऱ्या पेशीही त्यात सापडतात. इन्सुलिन पूर्ण संपत नाही, म्हणून टाइप 1 मधुमेहासारखं रक्तात किटोन नावाची आम्लं वाढून मूल अत्यवस्थ होणं क्वचितच घडतं. पण ते कमी पडतं, आणि कमी पडलं की खाल्लेलं अंगी लागत नाही. तुम्ही डोळे आणि किडनीबद्दल विचारलंत. ती भीती खोटी नाही, पण ते त्रास वर्षं उलटल्यावर येतात. या मुलांत पहिला फटका वजनाला आणि फुफ्फुसांना बसतो, कित्येकदा निदान व्हायच्याही आधी.

म्हणून इलाज म्हणजे इन्सुलिन, उपास नव्हे. जेवण कमी करून इन्सुलिनला जुळवायचं नाही, इन्सुलिन जेवणाला जुळवायचं. तूप, साय, शेंगदाणे, जास्तीचं मीठ, जेवणाबरोबरच्या, अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल, सगळं चालू ठेवा. फक्त कोल्ड्रिंक आणि सरबतं येता-जाता पिणं सोडवा. आमच्याकडे आता ताटावर बसलं की आधी इन्सुलिनचं पेन, मग कॅप्सूल, मग वरणभात. दप्तरात ग्लुकोजची पुडी असतेच, कारण साखर एकदम उतरूही शकते.

तुमच्या दिरांनी ‘एचबीए1सी नॉर्मल आहे, मग कसला मधुमेह’ असं म्हटलंय. एचबीए1सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी. सीएफमध्ये ती फसवते, आकडा खरा असेल त्यापेक्षा कमी दाखवते. म्हणूनच दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज पाजूनच तपासायचं असतं. मात्र लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. त्या दिवसांत त्याला छातीचा संसर्ग होता का, स्टेरॉइड चालू होतं का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोन्हींनी साखर चढते.

डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची (किडनीतून गळणाऱ्या प्रथिनाची) तपासणी निदानानंतर पाच वर्षांनी सुरू होते, मग दरवर्षी. रक्तदाब मात्र प्रत्येक भेटीत बघायला सांगा. आमची पहिली पडद्याची तपासणी पुढच्या वर्षी आहे. लेकीचं वजन परवा 44 भरलं.

मुलाचं गेल्या सहा महिन्यांचं वजन आणि फुंकून केलेल्या फुफ्फुसांच्या तपासणीचे रिपोर्ट एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. साखरेच्या आकड्याआधी तो कागद पुढे ठेवा.